आधी भीती, मग बटण

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या पुढ्यात बॉयलर पेटलेला होता. फोन थोरल्या भाऊजींचा. "मंदा, तुजी अक्का गेली..." एवढं बोलले आणि मग नुसता त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. मी शेडमध्ये एकटी. वाफेच्या कढईत खवा निम्मा आटत आलेला, बॉयलरखाली लाकडं धडाडून पेटलेली, काट्यावर दाब चढलेला. रडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पेटलेल्या बॉयलरकडं पाठ करून रडायचं नसतं, हे मला ज्या बाईनं शिकवलं तीच गेली होती. फोन ओट्यावर ठेवला, लोखंडी आकडी घेतली आणि एकेक लाकूड ओढून बाहेर काढलं. आकडी सारखी निसटायची. आतलं पाणी दाखवणारी काच बघितली, परत बघितली, आणि काटा खाली यायला लागेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. मग बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. बातमी ऐकून काळीज फाटतं म्हणतात. माझं आधी भीतीनं गोठलं, फाटायचं काम नंतर सावकाश झालं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शकुंतला. आमचं गाव भूमपासून जवळ, आणि आमच्या भागात घराघरातनं खवा होतो हे खाणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या घरात दूध गोळा करणं आणि तयार खवा पोचवणं पुरुषांकडं, भट्टी आम्हा दोघी जावांकडं. अक्कांचं माहेर मुरुमचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. भाच्याच्या साखरपुड्याला त्या आणि भाऊजी तिकडं गेले होते. सकाळी छातीत कळ आली, उमरग्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटपलं. जायच्या दिवशी मीच त्यांना भूमच्या स्टँडवर सोडलं होतं. मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या, आणि गाडी लागली तरी उठेनात. जाळ बारीक ठेव, एकटीनं कढई भरून घेऊ नको, जिवाला भ्या वाटलं तर पेटवूच नको, दूध डेअरीला घाल म्हणाव... असं चाललेलं. मी म्हटलं, जावा हो अक्का, मी काय तुमच्यासारखी भित्री नाही. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत गाडीत चढल्या.

भित्री म्हणजे किती? कुत्र्याला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, कुकरच्या शिट्टीला भ्यायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मिक्सर लावताना त्या एका हातानं झाकण दाबायच्या आणि तोंड दाराकडं करून उभ्या राहायच्या. घाबरल्या की कानडी बोलायच्या. मुरुमकडं दोन्ही भाषा तोंडात असतात, पण एरवी त्यांचं सगळं मराठीत चालायचं; भीती तेवढी आईच्या भाषेत यायची. आम्ही सगळे त्यांना हसायचो. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. माणूस भीती झाकतं, ह्या बाई चारचौघांत सांगायच्या, "मला भ्या वाटतंय बगा." पाव्हण्यांसमोर, दूध घालायला आलेल्या लोकांसमोर, कुणासमोरही. पण एवढी भित्री बाई आयुष्यात कुठल्या नव्या गोष्टीला नाही म्हणाली असेल तर शपथ. घरात काहीही नवं आलं, की सगळ्यात आधी अक्काच त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या. पांढऱ्या पडलेल्या, कपाळाला घाम, पण उभ्या.

आणि मग त्यांचा तो प्रश्न. दुधाचं फॅट तपासायचं साहित्य पहिल्यांदा घरी आलं तेव्हा मी नवी नवरी होते. नळ्या, बाटल्या, आणि ॲसिड. शिकवायला आलेला माणूस आपला हे इथं ओतायचं, हे असं फिरवायचं, असं सांगत सुटला. अक्कांनी त्याला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "चालवायचं मागनं सांगा. ह्याच्यानं माणूस कसं मरतं, ते आदी सांगा." तो माणूस बघतच राहिला. भाऊजी खजील झाले, पाव्हण्याला काय इचारती म्हणून डोळे वटारले. पण अक्का हटल्या नाहीत. शेवटी त्यानं सांगितलं, की ॲसिडात दूध घालताना घाई केली तर उसळून तोंडावर येतं, डोळे जातात. मग अक्कांनी ते तसं का उसळतं, कधी उसळतं, उसळलं तर पहिल्यांदा काय करायचं, सगळं विचारून घेतलं आणि मगच नळीला हात लावला. पुढं मी स्कूटी घेतली तेव्हा "हिच्यावरनं माणूस कसं पडतं?" मोबाईलवर पैसे यायला लागले तेव्हा "ह्याच्यात माणूस कसं फसतं?" गावातले निम्मे लोक फसल्यावर जे शिकले ते अक्का आधीच विचारून बसलेल्या असायच्या. स्कूटीही शिकल्या, बरं का. केस पिकायला लागल्यावर. माझ्या मागं बसून मला सूचना करण्यापेक्षा चालवणं कमी भीतीचं आहे, असं त्यांचं म्हणणं.

लाकडाच्या भट्टीवर अक्कांचं सगळं तारुण्य गेलं. उघड्या जाळावर मोठी कढई, आणि हातात उलथनं. दूध उतू यायला लागलं की पाण्याचा शिपका, जाळ फार झाला की लाकडांवर शिपका. शेजारी पाण्याची घागर कायम भरलेली, आणि उजवा हात त्या घागरीत कधी जातोय आणि कधी येतोय ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. पण त्या धुरानं दोघींचे डोळे गेल्यात जमा झाले, आणि पेढेवाल्यांना एकसारखा पांढरा खवा पाहिजे झाला. मग आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, वाफेची कढई आणि लाकडावरचा छोटा बॉयलर आणायचं ठरवलं.

बसवायला आलेल्या मिस्त्रीला अक्कांनी अर्थातच तो प्रश्न विचारला. मिस्त्री म्हातारा, सरळ बोलणारा. म्हणाला, बाई, हे भांडं पाणी आहे तोवर गायीसारखं गरीब. आतलं पाणी संपलं आणि खाली जाळ तसाच राहिला तर पत्रा लाल होतो. तोवरसुद्धा माणूस वाचतं. पण त्या लाल पत्र्यावर घाबरून कुणी गार पाणी सोडलं, की संपलं. शेड राहत नाही. काचेत पाणी दिसलं नाही तर आत पाणी सोडणाऱ्या पंपाच्या बटणाला हात लावायचा नाही, लाकडं ओढायची आणि बाहेर पळायचं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. एवढं साधं कुणाला कळत नाही? अक्का मात्र मटकन ओट्यावर बसल्या. रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मंदा, मला त्या बॉयलरचं भ्या न्हाय गं. माज्या हाताचं भ्या वाटतंय." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, आजवर काहीबी तापलं की हा हात पाणी मारतोय. मी सांगायच्या आदी मारतोय. त्या दिवशी मी काय सांगणार ह्याला?

माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता. हे मी आज लिहितेय म्हणून नाही, खरंच आला होता. एखादी गोष्ट माहीत नसेल तर शिकता येते. पण जे इतकं येतंय की विचारायलाही थांबत नाही, ते काढायचं कसं? भट्टीवर ज्या हातामुळं अक्कांचा खवा पंचक्रोशीत नावाजला, तोच हात आता आम्हाला सगळ्यांना घेऊन जाणार होता.

त्यावर त्यांनी जो उपाय काढला त्यानं घरात हसून हसून मुरकुंडी वळली. सकाळी पेटवायच्या आधी, बॉयलर गार असताना, कुणीतरी एकदम ओरडायचं, "पाणी दिसंना!" ओरडलं की अक्कांनी दोन्ही हात पदरात घालून मुठी आवळायच्या. पदर मुठीत आला की मगच पुढचं: आकडी, लाकडं, दार, लिंब. मलाही करायला लावायच्या. पहिले कित्येक दिवस त्यांचा हात थेट भिंतीवरच्या पंपाच्या बटणाकडं जायचा, आणि तो गेला की त्या स्वतःलाच चापट मारायच्या. मग सकाळचं पुरेना. भाकरी थापताना, धुणं धुताना, कधीही मला डोळ्यानं खुणावायच्या आणि मी ओरडायचे. एकदा भूमच्या आठवडी बाजारात मी चेष्टेनं हळूच म्हटलं, तर वांग्याची पिशवी खाली आणि दोन्ही हात पदरात! भाजीवाली हबकली, ह्या बाईला काही झालं की काय. भाऊजी म्हणायचे, हिला लागलंय खूळ. ते स्वतः कधी ओरडले नाहीत. त्यांना लाज वाटायची.

आणि मग एक दिवस ते खरंच झालं.

उन्हाळ्याची दुपार. लाईट सकाळपासून येऊन जाऊन. दोघीच होतो. मी कढईवर, अक्का बॉयलरकडं. मी सहज मान वळवून काच बघितली. काच स्वच्छ दिसली, मला वाटलं गच्च भरलीय. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच सारखीच दिसते, मधली रेघ असेल तरच पाणी कळतं. हे मला माहीत होतं. तरी मला ती भरलेलीच दिसली, कारण मला ती भरलेली पाहिजे होती. अक्का तिच्याकडं बघत उभ्या होत्या. मग एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "रेघ न्हाय." मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांचा उजवा हात उचलला गेला होता. पंपाच्या बटणाकडं. त्यांचे डोळे काचेवर, तोंड उघडं, आणि हात आपला आपण चाललेला. एवढ्या सकाळच्या हाका, एवढ्या चापट्या, सगळं पाण्यात. मला ओरडायचं होतं. रोज मारायचे ती हाक नेमकी तेव्हा आली नाही. ते बटण आणि ते बोट यांच्यात कितीसं अंतर उरलं होतं ते मला आजही डोळे मिटले की दिसतं.

तेवढ्यात त्यांच्या डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. धरलं म्हणजे दुसऱ्या कुणाचं धरावं तसं. "बेडा," त्या म्हणाल्या. कानडीत नको, नको म्हणतात तसं. "बेडा, बेडा..." आणि दोन्ही हात ओढत पदरात घेतले. मूठ आवळली. मग बाकीचं सगळं झालं. आकडी, लाकडं, दार. मला दंडाला धरून त्यांनीच बाहेर काढलं. लिंबाखाली बसलो. आत पत्रा तडतडत होता. मध्येच थांबायचा, वाटायचं आता... आणि परत तडतड. रस्त्यानं येणाऱ्या एका दूधवाल्याला अक्कांनी लांबूनच हातानं माघारी पाठवलं. त्यांना ओकारी झाली. मी पाणी आणू का म्हटलं, तर पाणी शब्द ऐकूनच दचकल्या. ऊन लिंबाच्या पार पलीकडं सरकलं तेव्हा ती तडतड थांबली. काही झालं नाही. कढईतलं दूध वाया गेलं, दुसरं काही नाही.

भाऊजी आले, दूध बघून चिडले, मग काय झालं ते ऐकलं. त्यांनी आत जाऊन काच बघितली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं आता अक्का बॉयलरचं नाव काढणार नाहीत. मीच म्हटलं, नको हे, धुराची भट्टी परवडली. तर म्हणाल्या, मिस्त्रीला बोलवा, टाकीत पाणी असून पंप वढत का नव्हता ते मला समजून घ्यायचंय. आणि उद्यापासनं हाका वाढवा. मी म्हटलं, आता कशाला, जमलं की. त्यावर त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जमलं न्हाय मंदा. धरावा लागला."

त्यानंतर किती वर्षं तो बॉयलर दोघींनी चालवला. मी निर्धास्त. खरं सांगायचं तर या घरातली सगळी भीती अक्का एकट्या वाहायच्या, म्हणून आम्हाला बाकीच्यांना धीट राहणं परवडत होतं. हे त्या गेल्यावर कळलं. तेराव्यानंतर मी शेडचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच थबकले. आत जाववेना. जिथं मी रोज गाणं गुणगुणत खवा घोटला, तिथं मला प्रत्येक नळी, प्रत्येक व्हॉल माझ्या वाईटावर टपल्यासारखा दिसायला लागला. काडी पेटवली आणि विझवली, पेटवली आणि विझवली. पेटवल्यावर कढई सोडून मी काचेसमोरच उभी. खवा करपला. रेघ दिसत असायची, तरी वाटायचं मला दिसतेय ती खरी आहे का? हे म्हणाले, तू तर असली नव्हतीस. नव्हतेच. पण आता भ्यायला कुणीतरी पाहिजे ना घरात.

त्यातच मिस्त्री तपासायला आला आणि म्हणाला, हा आता थकला, नळ्या झिजल्या, पेटवू नका. पेढेवाले तर थांबणार नाहीत. ह्यांनी धावपळ करून गॅसवरचा नवा बॉयलर आणला. पाणी कमी झालं की आपोआप बंद होणारा, पॅनेलवर दिवे, बटणं. हे मला समजावायला लागले, की आता तुला काही बघायलाच नको. ते ऐकून माझं धाबं आणखी दणाणलं. शिकवायला एक तरुण इंजिनीअर आलेला, शांत स्वभावाचा. त्यानं माहितीचा कागद उघडला आणि माझ्या तोंडातनं आपोआप बाहेर पडलं, "दादा, आधी सांगा, ह्याच्यानं माणूस कसं मरतं?" भाऊजी दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

इंजिनीअर हसला नाही. त्यानं कागद मिटला आणि नीट सांगितलं. म्हणाला, हा स्वतः बंद होतो, पण यंत्र आहे, एखाद्या दिवशी नाही झाला तर? जुन्यात तुम्ही लाकडं ओढायचात. यात ओढायला काही नाही, आत गॅसचा जाळ चालूच राहणार. तुम्ही नुसत्या बाहेर पळालात तर तो मागं तापतच राहील. म्हणून पाणी दिसलं नाही, की पहिल्यांदा हे लाल बटण दाबायचं. मग बाहेर. मी म्हटलं, आम्हाला तर बटणाला हात लावायचाच नाही असं शिकवलंय. तो म्हणाला, "ते बटण पंपाचं होतं, वहिनी. तिथं हात आवरणं बरोबर होतं. इथं हात आवरलात तर घात होईल." मग पॅनेल बंद ठेवून त्यानं माझ्याकडून करून घेतलं. तो म्हणायचा, पाणी गेलं! आणि माझे दोन्ही हात पदरात. पुन्हा म्हणायचा, पुन्हा पदरात. मुठी अशा घट्ट, की मीच सोडवायला जायचे तर सुटायच्या नाहीत. अक्कांनी इतक्या सकाळी घालवून माझ्या अंगात जे मुरवलं, तेच आता मला मारणार होतं. आणि ते काढायचं म्हणजे... मला तिथंच रडू आलं. इंजिनीअर बिचारा गोंधळला. त्याला वाटलं मला जमत नाही म्हणून रडते.

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये एकटीच त्या लाल बटणाकडं बघत उभी होते. स्वतःच ओरडायचं आणि स्वतःच दचकायचं, हे काही जमत नव्हतं. तेवढ्यात मागनं आवाज आला, "पाणी दिसंना!" फाटका, घोगरा, लाजलेला आवाज. भाऊजी. आयुष्यात ज्यांनी ही हाक कधी मारली नाही ते. मी हात पदरातनं काढले. ते म्हणाले, "सकाळची मी देत जाईन हाक. मला दुसरं काय काम हाय आता." तेव्हापासून रोज येतात. कधी लगेच ओरडतात, कधी मला विसर पडू देतात आणि मग ओरडतात. आवाज आता सुधारलाय.

आज पहिल्यांदा माझा हात थेट लाल बटणावर पडला. पदर खांद्यावरच राहिला. भाऊजींनी बघितलं. "लागलं," एवढंच म्हणाले आणि ओट्यावर बसून डोळे पुसायला लागले. मलाही आनंद व्हायला पाहिजे होता. मला आपलं वाटलं, आता माझ्या हातातनंसुद्धा अक्का गेल्या. मग मीच म्हटलं, भाऊजी, परत मारा हाक, एकदा लागलं म्हणजे शिकलं असं नाही. त्यांनी मारली. आणि माझे दोन्ही हात झटक्यात पदरात शिरले, मुठी आवळून. त्या मुठींकडं बघून मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. आणि त्याच घडीला पाचावर धारण बसली, कारण उद्या सकाळी ह्याच हातांनी बॉयलर पेटवायचा आहे.